ग्रामसभेतील आपली रिकामी जागा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावातील एका वृद्ध मातेचा इंतेकाल झाला. जनाजा खांद्यावर घेऊन कब्रस्तानाकडे निघालेल्या लोकांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतत होते. खांदा देणाऱ्यांपैकी एकाचा तोल गेला. मागच्याने वेळीच हात दिला म्हणून जनाजा सावरला. दफन आटोपून, दुआ मागून परतताना वाणिज्य शाखेत शिकणारा एक तरुण माझ्या बरोबरीने चालू लागला. तो संतापलेला होता.

"मौलाना, याही वर्षी कब्रस्तानाचा रस्ता कामांच्या यादीत नाही. आपले कोणी ऐकतच नाही."

मी त्याला विचारले, "15 ऑगस्टला ग्रामसभा होती. तू गेला होतास का?"

"नाही. त्या दिवशी जुमा होता." थोडा वेळ तो गप्प राहिला आणि मग अदबीनेच त्याने विचारले, "तुम्ही गेला होता का, मौलाना?"

मीही गेलो नव्हतो. 2025 साली 15 ऑगस्टला शुक्रवार होता हे खरे. पण सभेची वेळ सकाळी दहाची होती आणि आमच्याकडे खुतबा दीड वाजता सुरू होतो. मधले साडेतीन तास माझ्याही हाती होते आणि त्याच्याही. मदरशात झेंडावंदन करून मी खुतब्याच्या तयारीला बसलो होतो. त्या दिवशीच्या खुतब्याचा विषय होता शेजाऱ्यांचे हक्क.

नंतर चौकशी केली तेव्हा कळले, की त्या दिवशी सभेला पुरेशी माणसे जमली नाहीत म्हणून ती तहकूब झाली. काही दिवसांनी तीच सभा पुन्हा भरली आणि मोजक्या लोकांनी यादी मंजूर केली. त्या सभेत आपल्या रस्त्याला कोणी विरोध केला नव्हता. आपला विषय कोणी काढलाच नव्हता. या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे, आणि आपल्या घरांत तक्रारीचा सूर लागतो तेव्हा हे अंतर आपण सोयीने विसरतो.

म्हणून या महिन्याचा धडा ग्रामसभेविषयी आहे. नमाज-रोजाच्या मसाइलमध्ये ग्रामसभा कोठून आली, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. तेथूनच सुरुवात करू.

गलबताच्या तळातील माणसे

सहीह बुखारीमध्ये हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांनी निवेदन केलेली एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समाजाला एका गलबताची उपमा दिली. चिठ्ठ्या टाकून काही प्रवाशांना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाणी हवे असले की वरच्यांना ओलांडून जावे लागे. त्यांना वाटले, आपल्याच हिश्शाच्या तळाला भोक पाडून पाणी घेतले तर वरच्यांना त्रास होणार नाही. हेतू वाईट नव्हता, जागाही त्यांच्याच वाट्याची होती. तरीही प्रेषितांनी (स.) सांगितले, की वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील आणि त्यांचा हात धरला तर सगळेच वाचतील.

मदरशात ही हदीस शिकलो तेव्हा उस्तादांनी ती वाईटापासून रोखण्याच्या प्रकरणात शिकवली. तिचा एक वेगळा अर्थ मला आपल्या जिल्ह्यात, अहमदनगर शहरापासून (आता अहिल्यानगर) सुमारे सतरा किलोमीटरवर, हिवरे बाजार या गावाविषयी वाचताना उमगला.

हिवरे बाजार हे नगर तालुक्यातील पर्जन्यछायेतले गाव. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास, कित्येक वर्षी त्याहूनही कमी. 1972 च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, दारूभट्ट्या वाढल्या आणि कामासाठी माणसे गाव सोडू लागली. 1989 साली गावातल्या तरुणांनी एकत्र येऊन पोपटराव पवार या पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या तरुणाला सरपंचपदासाठी गळ घातली आणि ते बिनविरोध निवडून आले. पुढे हे गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आले आणि ग्रामसभेने स्वतःवर काही बंधने घालून घेतली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान आणि शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी. (या योजनेच्या सूत्रांत नसबंदीही आहे. त्याविषयी आपल्या फुकहांचे मत वेगळे आहे. तो स्वतंत्र विषय आहे आणि कोणत्याही गावाकडून काय घ्यावे व काय नाही हा विवेक मुसलमानाने सोडायचा नसतो.)

बोअरवेलबंदीवर जरा थांबू या. जमीन माझी, पैसा माझा, मशीन भाड्याचे. मग मी माझ्या शेतात भोक पाडले तर इतरांना काय त्याचे? नगर, पारनेर, कर्जत, पाथर्डी या तालुक्यांत हा प्रश्न आपण रोज ऐकतो. पण जमिनीखालचे पाणी बांध पाहून थांबत नाही. एकाने शंभर फूट खोल नेले की दुसरा दोनशे फूट नेतो, आणि शेवटी ज्याच्याकडे पैसा नाही त्याची विहीर कोरडी पडते. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने नेमका हाच हात धरला. एवढेच करून ती थांबली नाही. पावसाळ्यानंतर गावात पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. किती पाऊस झाला, किती पाणी मुरले, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, शेतीला किती उरेल, हे सभेत सर्वांसमोर सांगितले जाते आणि त्यावर कोणती पिके घ्यायची हे ठरते. ऊस नाही, कारण ऊस सगळ्यांच्या वाट्याचे पाणी एकटा पितो. 1995 साली दारिद्र्यरेषेखाली 168 कुटुंबे असलेल्या या गावात पुढे तो आकडा तीनवर आला.

सुनन अबू दाऊदमध्ये आणखी एक हदीस आहे: पाणी, गवत आणि अग्नी या तीन गोष्टींत मुसलमान भागीदार आहेत. बोअरवेलबंदी म्हणजे पाणी, चराईबंदी म्हणजे गवत, आणि कुऱ्हाडबंदी म्हणजे चुलीचे सरपण, अर्थात अग्नी. हिवरे बाजारच्या लोकांनी ही हदीस वाचून नियम केले असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो, की चौदाशे वर्षांपूर्वी ज्या तीन वस्तू सामायिक ठरवल्या गेल्या, त्यांचा हिशेब आज आपल्या गावात मांडण्याची कायदेशीर जागा ग्रामसभा हीच आहे. आणि ती हदीस मिंबरावरून सांगणारे आपण त्या जागी नसतो.

हिवरे बाजारमध्ये मुस्लीम कुटुंब एकच आहे. त्या एका घरासाठी गावाने मशीद उभारली. ही गोष्ट आपल्या बैठकांत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, आणि सांगायलाच हवी. परंतु मशिदीच्या कौतुकात तो पाण्याचा ताळेबंद झाकला जाऊ नये. जे गाव सर्वांच्या पाण्याचा निर्णय एकत्र बसून घेते, त्यालाच एका घराची नमाजही आठवते.

मशवरा आणि तरुण

सूरह शूरामध्ये श्रद्धावंतांचे वर्णन करताना नमाज कायम करणे आणि अल्लाहने दिलेल्यातून खर्च करणे यांच्या मधोमध, आपसातील सल्लामसलतीने आपले व्यवहार चालवणे हा गुण सांगितला आहे. नमाज आणि दान यांच्या मधली ही जागा आहे. आपण दोन्ही बाजू पाठ केल्या आणि मधली सोडून दिली.

येथे एक शंका काही तरुण घेतात आणि ती रास्त आहे: ग्रामसभा म्हणजे इस्लामी शूरा आहे काय? नाही. शूरेमध्ये अल्लाहचा स्पष्ट आदेश मतास टाकला जात नाही, आणि ग्रामसभा ही देशाच्या कायद्याने घडवलेली, सर्व धर्मांच्या मतदारांची सभा आहे. दोन्हींना एकच मानणे ही भाबडी गोष्ट होईल. पण ग्रामसभेपुढे येते काय? विहिरीचा गाळ, शाळेची गळकी खोली, दिवाबत्ती, घरकुलांची यादी, गटार. हे सारे मुबाह व्यवहार आहेत. त्यांत लोकहित पाहणे आणि न्यायाने बोलणे एवढेच शरीअत आपल्याकडे मागते. नबी होण्यापूर्वी, वयाच्या विशीत, प्रेषितांनी (स.) मक्केच्या सरदारांबरोबर पीडिताला न्याय मिळवून देण्याच्या करारात, हिल्फुल फुजूलमध्ये, भाग घेतला होता. पुढे प्रेषितत्वाच्या काळातही त्यांनी सांगितले, की आजही अशा करारासाठी कोणी हाक दिली तर मी तिला ओ देईन. त्या करारात सहभागी असलेले लोक मुसलमान नव्हते.

आता तरुणांविषयी. आपल्या जमातीच्या बैठकीत विशीतला मुलगा बोलू लागला की कोणीतरी म्हणतोच, "तू बस, मोठे बोलत आहेत." उहुदच्या आधीचा मशवरा आठवा. मदीनेत राहूनच बचाव करावा असा प्रेषितांचा (स.) स्वतःचा कल होता. बद्रमध्ये सहभागी होता न आलेल्या तरुणांचा आग्रह मात्र बाहेर पडून लढण्याचा होता. प्रेषितांनी (स.) त्यांचे म्हणणे मान्य केले. उहुदमध्ये काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सत्तर सहाबी शहीद झाले. आता यापुढे या मुलांना विचारू नये, असे म्हणण्याची वेळ कधी आली असेल तर ती हीच. परंतु उहुदनंतर उतरलेल्या सूरह आलि इमरानच्या आयतीत (159) प्रेषितांना (स.) आदेश मिळाला तो त्यांना माफ करण्याचा, त्यांच्यासाठी क्षमायाचना करण्याचा आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहण्याचा. तरुणाचा सल्ला एकदा चुकला म्हणून त्याची सभेतील जागा काढून घेण्याची परवानगी कुरआनने दिली नाही. हजरत उमर (रजि.) तर बद्रच्या वयोवृद्ध सहाबींच्या बैठकीत कोवळ्या वयाच्या हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांना बसवत, आणि काहींनी कुरकुर केली तेव्हा सर्वांदेखत त्यांच्या ज्ञानाची परीक्षा घेऊन त्यांनी उत्तर दिले.

पण ती जागा ज्ञानाने मिळाली होती, हेही मुलांनी विसरू नये.

हफीज आणि अलीम

हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या राजाकडे कोठारांची जबाबदारी मागितली तेव्हा स्वतःविषयी दोनच गुण सांगितले: मी जपणारा आहे आणि जाणणारा आहे. हफीज आणि अलीम. समोर सात वर्षांचा दुष्काळ होता. धान्य कणसातच ठेवा, खाण्यापुरतेच काढा, हे त्यांनी दिलेले नियोजन म्हणजे धान्याचा ताळेबंदच होता, आणि तो त्यांच्या दीनवर नसलेल्या एका संपूर्ण देशासाठी होता. नगर जिल्ह्यातल्या मुलांना दुष्काळाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सूरह यूसुफ त्यांना या बाजूनेही शिकवायला हवी.

तर ग्रामसभेबाबत जाणणे म्हणजे काय, ते पाहू. राज्यघटनेच्या 73 व्या दुरुस्तीने 1993 साली ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. गावाच्या मतदार यादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. निवडून यावे लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही. अठरा वर्षे पूर्ण होताच मतदार यादीसाठी नमुना 6 भरता येतो, आणि सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज देता येतो. आपल्या घरात दहावीचा दाखला जपून ठेवतात, पासपोर्टसाठी धावपळ करतात, पण मतदार यादीतील नाव शेवटच्या आठवड्यात शोधतात.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. रूढीने त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते आणि तिच्यावर विषयपत्रिका असते. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसे न आल्यास सभा तहकूब होते; पण तीच तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीचे बंधन उरत नाही. हा नियम प्रत्येक तरुणाने नीट समजून घ्यावा. आपण न गेल्याने निर्णय थांबत नाहीत. ते कमी माणसांत होतात, एवढेच. आमच्या कब्रस्तानाच्या रस्त्याचे नेमके हेच झाले होते.

विषय मांडायचा तर नोटीस लागण्याआधीच लेखी अर्ज ग्रामपंचायत कार्यालयात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ऐन वेळच्या विषयांवर भिस्त ठेवू नये. तोवर निम्मी सभा उठलेली असते. ठराव झाला की तो इतिवृत्तात लिहिला गेला आहे काय ते पाहावे. ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी असे पदनाम आहे) नम्रपणे विचारले तर बहुतेक वेळा दाखवतात. नाहीच दाखवले तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. हा अधिकार मिळवण्याच्या लढ्यात आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे अग्रभागी होते. देशाचा कायदा 2005 मध्ये आला, महाराष्ट्राचा त्याआधी, 2002 सालचा. अण्णांच्या इतर भूमिकांविषयी कोणाचे काही मत असो, नगरच्या मुलाला हा अर्ज लिहिता येत नसेल तर ती आपली कमतरता आहे.

आणि घरातील स्त्रियांविषयी. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा भरवण्याची कायद्यात तरतूद आहे. पर्द्याचे कारण सांगून ज्या घरांतून बहिणी ग्रामसभेला जात नाहीत, त्या घरांना या सभेविषयी तरी सबब उरू नये. पाण्याच्या टाकीपाशी रांगेत कोण उभे असते? हुदैबियाच्या दिवशी सहाबींचा पेच हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या सल्ल्याने सुटला, हे आपण अभिमानाने सांगतो; आपल्या मुलींनी त्यातून काय घ्यायचे ते मात्र सांगत नाही. शाळा व्यवस्थापन समितीतही पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. आपल्या उर्दू शाळांतही ही समिती असते. ती कागदावर आहे की खरोखर बसते, हे आई-वडिलांनी विचारावे.

शहरात राहणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात: नगर शहरात 2003 पासून महानगरपालिका आहे. तेथे ग्रामसभा नाही. म्हणून आपला प्रभाग कोणता, त्याचे अंदाजपत्रक कोठे पाहायचे आणि तक्रारीची पोच कशी घ्यायची, एवढे तरी मुकुंदनगरच्या किंवा झेंडीगेटच्या मुलाला यावे.

विकता न येणारी साक्ष

मौलाना मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी मताला तीन नावे दिली आहेत: साक्ष, शिफारस आणि वकालत. साक्ष लपवणाऱ्याचे हृदय गुन्हेगार असते, असे सूरह बकराच्या 283 व्या आयतीत सांगितले आहे. खोटी साक्ष देणे तर महापातकांत गणले जाते. मग पाकीट घेऊन दिलेले मत कोणत्या रकान्यात बसते, ते प्रत्येकाने पाहावे. 2021 च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तेथे पदांचा लिलाव झाला होता. उमराण्यात बोलीचा पैसा देवस्थानाच्या कामासाठी होता. तो मशिदीसाठी असता तरी हुकूम बदलला नसता. अमानत विकून आलेल्या पैशाने मीनार उभा करता येत नाही.

बिनविरोधाचेही फार भांडवल करू नये. हिवरे बाजारमध्येही 2021 साली तीस वर्षांनंतर मतदान झाले. मशवऱ्यात मतभेद असणारच. उहुदच्या मशवऱ्यातही होते. आपल्याकडे निवडणुकीच्या आदल्या रात्री चार वडीलधारे बसून सगळ्या मोहल्ल्याची मते कोठे जायची ते ठरवतात आणि त्याला एकी म्हणतात. मी त्याविषयी साशंक आहे. ज्याची साक्ष आहे, ती त्याने स्वतः पाहून द्यायची असते. एकी हवीच असेल तर ती वर्षातून चार वेळा ग्रामसभेत दिसावी.

यंदाच्या 26 जानेवारीच्या सभेआधी आम्ही इशाच्या नमाजनंतर तीन रात्री वर्ग घेतला. नऊ मुले आली. अर्ज त्यांनीच लिहिला. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. पहिल्या मसुद्यात "आमच्या समाजावर अन्याय" असे शब्द होते. मी विचारले, त्या रस्त्याने आणखी कोण जाते? तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की कब्रस्तानाच्या पलीकडे एक वस्ती आहे, तेथील मुले याच चिखलातून शाळेत येतात आणि त्या वस्तीत आपले एकही घर नाही. दुसऱ्या दिवशी दोघे जण वस्तीवर गेले आणि सह्या घेऊन आले. अर्जाचा मथळा बदलला.

सभेला मीही गेलो. आमचा विषय सहाव्या क्रमांकावर होता. तोवर दुसऱ्या एका गल्लीतील नळजोडणीवर बराच वाद झाला आणि त्या वादात आमच्यातील एका मुलाने आकडे विचारले. त्याचा त्या गल्लीशी काही संबंध नव्हता. रस्त्यावर वस्तीतल्या एका आजोबांनी आमच्या आधी उठून बोलायला सुरुवात केली. ठराव झाला. निधी कोणत्या वर्षी मिळेल ते अजून ठरलेले नाही. मुले मे महिन्याच्या सभेत विचारणार आहेत. इतिवृत्तात सूचक म्हणून त्या वाणिज्यच्या विद्यार्थ्याचे नाव आहे आणि अनुमोदक म्हणून त्या आजोबांचे.